मातीच्या धरणाला राखणदार हवा

नेरूळच्या नळाला येणारे पाणी खालापूरजवळच्या मोरबे धरणाचे. धावरी नदीवरचे हे मातीच्या भरावाचे धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे. शहराची तहान त्याच्यावर असल्याने त्याची पाणीपातळी रोज मोजली जाते आणि पावसाळ्यात वर्तमानपत्रांत छापूनही येते. धरण भरले की महापौर, आयुक्त जलपूजनाला जातात. म्हणजे या धरणाला मालक आहे, अभियंते आहेत, पैसा आहे आणि त्याची चौकशी करणारे लाखो ग्राहक आहेत.

याच नेरूळमध्ये चिपळूण, खेड, संगमेश्वर, मंडणगडहून आलेली हजारो कुटुंबे राहतात. त्यांच्या गावाकडेही धरणे आहेत: वाडीच्या वर, दरीच्या तोंडाशी बांधलेली, शंभर-दोनशे हेक्टर भिजवण्यासाठी मंजूर झालेली. त्यांची पातळी कोणी छापत नाही. बहुतेक धरणांवर कायमचा चौकीदार नाही. हा आढावा त्या धरणांचा आहे, कारण महाराष्ट्रात धरणफुटीचा खरा धोका आज कोयना-जायकवाडीपेक्षा या छोट्या भरावांना अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

तिवरे हे त्याचे ताजे आणि सर्वांत दुखरे उदाहरण. चिपळूण तालुक्यातल्या दसपटी भागातले हे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास फुटले. साठवण वीस लाख घनमीटरहून थोडी अधिक. पायथ्याशी असलेल्या भेंदवाडीतली घरे माणसांसकट वाहून गेली. वीसहून अधिक माणसे गेली. त्यांतली कितीतरी रात्रीचे जेवण उरकून झोपायच्या तयारीत होती. धरण बांधून जेमतेम वीस वर्षे झाली होती. गळती होते आहे, भराव खचतो आहे, अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीपासून केल्या होत्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर काही डागडुजीही झाली होती. म्हणजे दोष दिसला होता, कळवला होता, कागदावर आला होता. तरीही त्या रात्री वाडीत ‘बाहेर पडा’ म्हणून सांगायला कोणी आले नाही. तिवऱ्याची चौकशी कितीही पानांची होवो, मला तिच्यातला सर्वांत जड मुद्दा हाच वाटतो.

दुर्घटनेनंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण सांगितले आणि राज्यभर संताप उसळला. त्या संतापात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला. खेकडे, घुशी, उंदीर मातीच्या भरावात बिळे करतात, हे खरेच आहे. म्हणूनच तपासणीच्या नमुन्यात बिळांची नोंद असते आणि ती पावसाळ्यापूर्वी बुजवायची असतात. पण वीस मीटर उंचीच्या मातीच्या धरणाची तळाशी रुंदी सुमारे शंभर मीटर असते. पाण्याच्या काठाशी ओल्या मातीत राहणारा खेकडा एवढे अंतर पोखरून जात नाही. बिळामुळे धरण गेले असे म्हणायचे, तर बिळापर्यंत पाणी का पोचले, गाभा का गळला, वाळूचा गाळणथर काय करत होता आणि बिळे इतकी होईपर्यंत भरावावर कोण चालले, हे चारही प्रश्न उरतात. खेकड्याचे नाव घेतल्याने त्यांतल्या एकाचेही उत्तर मिळत नाही.

मातीचे धरण म्हणजे मातीचा ढिगारा नव्हे. मध्ये चिकण मातीचा गाभा असतो. साइटवरची मंडळी त्याला हार्टिंग म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाड मातीचे केसिंग, पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मारा सोसायला दगडी पिचिंग, खालच्या अंगाला वाळूचा गाळणथर आणि पायथ्याशी दगडी टो. गाभ्याखाली कठीण थरापर्यंत चर खणून तोही चिकण मातीने भरलेला असतो. यातून थोडे पाणी पाझरणारच. मातीचे धरण पूर्ण कोरडे कधीच नसते आणि असावे असेही नाही. पाझरलेले पाणी गाळणथरातून नितळ होऊन, माती न घेता, पायथ्याच्या नालीत उतरले पाहिजे, एवढीच अपेक्षा. म्हणून पाहणाऱ्याने पहिल्यांदा पाण्याचा रंग पाहावा. नितळ पाझर महिनोन्महिने चालला तरी धरण उभे राहते. तोच पाझर गढूळ झाला, तर आतून माती वाहते आहे असे समजावे. आत बारीक नळी तयार होते, ती खालून वर, पाण्याच्या दिशेने खात जाते आणि एकदा साठ्याला जाऊन भिडली की पुढचा खेळ काही तासांचा असतो. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ५ जून १९७६ रोजी टेटन धरण असेच गेले. सकाळी पाझर वाढलेला दिसला आणि दुपारच्या आत नव्वद मीटरहून उंच भराव फुटला. पैसा आणि ज्ञान यांपैकी कशाचीही कमतरता नसलेल्या देशात हे घडले.

दुसरा मोठा धोका माथ्यावरून पाणी जाण्याचा. काँक्रीटच्या किंवा दगडी धरणावरून पाणी ओसंडले तर ते बऱ्याचदा तग धरते. मातीचे धरत नाही. म्हणून त्याचा जीव सांडव्यात असतो. छोट्या धरणांचा सांडवा बहुधा बिनदरवाजाचा, कडेच्या खडकात खोदलेला. त्यात दरड येऊन पडते, झुडपे माजतात, पुच्छ कालवा गाळाने भरतो. कधी थोडे जास्त पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकावे म्हणून सांडव्यावर मातीच्या गोण्या किंवा दगडांची भिंत रचली जाते. गोण्या रचणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या अर्ध्या मीटरने तो धरणाच्या माथ्याची राखीव उंची खाऊन टाकतो आणि एखाद्या रात्री ती उंचीच गावाला वाचवणार असते.

तिसरी जागा फार कमी लोक पाहतात: भरावाखालून जाणारी, पाणी सोडायच्या विमोचकाची मोरी. मातीला काँक्रीट टेकते तिथे दाबाई नीट होत नाही, आणि पाणी नेमकी तीच फट शोधते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्याची सुरुवात इथेच झाली. आंबी नदीवरचे हे मातीचे धरण पुरते झालेले नसतानाच त्यात पहिल्यांदा पाणी साठवले गेले. दरवाजाची यंत्रणा अपुरी होती. मोरीतून सुटलेल्या प्रवाहाने तिच्यावरचा भराव खचू लागला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी पावसात वाळूच्या पोत्यांची भिंत रचून धरण काही तास तोलून धरले, आणि त्या काही तासांनी फुटण्याची वेळ रात्रीवरून सकाळवर गेली. पुण्यात हजारो जीव वाचले ते या फरकामुळे. पाठोपाठ खडकवासल्याचे जुने दगडी धरणही गेले आणि नदीकाठचे पुणे बुडाले. पानशेतची आठवण पुण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली. अभियंत्यांनी त्यातून धडे घेतले आणि १९८० मध्ये नाशिकला राज्याची धरण सुरक्षितता संघटना उभी राहिली. मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वीची आणि पावसाळ्यानंतरची तपासणी, दोषांची तीन वर्गांत विभागणी, पहिल्या वर्गातल्या दोषाला तातडीची दुरुस्ती, ही शिस्त तिथून आली. महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत, देशात सर्वाधिक. त्यांतली बहुसंख्य मातीची आहेत. इतक्या धरणांच्या मानाने फुटण्याच्या घटना कमी आहेत आणि त्याचे श्रेय या शिस्तीला द्यायलाच हवे.

पण ही शिस्त खाली उतरताना विरळ होत जाते. इथे खात्यांची वाटणी समजून घ्यावी लागते. मोठे आणि मध्यम प्रकल्प जलसंपदा विभागाकडे. सहाशे हेक्टरपर्यंत सिंचनाच्या योजना मृद व जलसंधारण विभागाकडे. त्यातही शंभर हेक्टरपर्यंतचे पाझर तलाव, गाव तलाव, साठवण तलाव जिल्हा परिषदेकडे. म्हणजे धरणाचा आकार ठरतो तो किती शेत भिजते यावर. आता कोकणातली अरुंद, खोल दरी डोळ्यांपुढे आणा. लाभक्षेत्र म्हणाल तर उतारावरची थोडी भातखाचरे, पण दरी अडवायची तर भराव पंधरा-वीस मीटर उंच घालावा लागतो. कागदावर ती ‘लघु’ योजना. फुटली तर खालच्या वाडीसाठी तिच्यात लघु असे काही नसते. देशावर उलट असते: भराव लांबलचक, उंची कमी, खाली शेत जास्त आणि घरे कमी. दोन्हींना एकच मापदंड लावणे ही मुळातली चूक आहे. धरणाचा धोका त्याच्या खाली राहणाऱ्या माणसांवरून मोजला पाहिजे. भिजणाऱ्या हेक्टरांवरून तो कळत नाही.

केंद्राचा धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये संमत झाला आणि ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. तो पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू आहे. दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना लांबी, साठा, पुराचा विसर्ग अशा काही अटी पुऱ्या झाल्या तर. दहा मीटरच्या खालचे सारे भराव या कायद्याच्या बाहेर. कायदा चांगला आहे. वर्षातून दोन तपासण्या, धरणमालकाने आपत्कालीन कृती आराखडा करणे, सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन, देखभालीसाठी स्वतंत्र निधी, आणि कसुरीबद्दल तुरुंगवासाची तरतूदही त्यात आहे. पण १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर जे हजारो पाझर तलाव झाले, त्यांतले फार थोडे त्याच्या कक्षेत येतील. ते तलाव हाताला काम देण्यासाठी झाले. घमेल्यांनी माती टाकली गेली, दाबाईला पुरेसे रोलर नव्हते, अनेक ठिकाणी गाळणथरांची चैन परवडणारी नव्हती. त्या तलावांनी महाराष्ट्राला जगवले, यात शंका नाही. आता त्यांनी पन्नाशी गाठली आहे. नकाशे, पायाच्या नोंदी, पाणी साठण्याचे तलांक यांतले बरेचसे कागद कार्यालये बदलताना गहाळ झाले.

पन्नाशी म्हणजे म्हातारपण असे मात्र नाही. मुंबईचा विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला. त्याचे बांध मातीचे आहेत आणि दीडशेहून अधिक पावसाळे त्यांनी पाहिले. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत, कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव त्याहूनही जुने आहेत. तिथल्या पाळी शतके टिकल्या, कारण दरवर्षी गाव पाळीवर माती टाकत होते, पाणी वाटणारा माणूस नेमलेला होता आणि तलाव फुटला तर कोणाचे धान जाणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे जमीनदारांची मालकी, संपली आणि तलाव सरकारकडे गेले. अन्यायी मालकी जायलाच हवी होती. पण मालकीबरोबर गावाची जबाबदारीही कोणी हाती न देता सुटून गेली, आणि पुढच्या दशकांत अनेक तलाव गाळाने भरले, पाळी झिजल्या.

हेच आमच्या खाडीकाठीही झाले. आज जिथे नेरूळ, करावे, दारावे, सारसोळेच्या आजूबाजूला इमारती आहेत, तिथे १९७० च्या आधी खारी भातशेती, मिठागरे आणि मातीची खारबंदिस्ती होती. भरतीचे पाणी बांधाने अडवायचे, ओहोटीला उघडीतून आतले पाणी सोडायचे. बांधाला खांड पडली की रात्र असो वा दिवस, गाव चिखल-पेंढा घेऊन धावायचे, कारण एक भरती आत शिरली तर शेत दोन-तीन वर्षे पिकत नसे. पुढे सिडकोने शहर वसवताना याच तत्त्वावर धारण तलाव केले: भरतीला झडप बंद, ओहोटीला उघडी. आज त्यांतल्या अनेक तलावांत गाळ साचला आहे, कांदळवन वाढले आहे आणि गाळ काढायचा तर परवानग्यांचा प्रश्न येतो. कांदळवन राखलेच पाहिजे. पण झडपा चालतात का, बांध किती खचला, हे बघायला त्याला हात लावावा लागत नाही. धारण तलाव आणि दसपटीतले धरण यांच्यात आकाराचा फरक आहे, आजार एकच: बांधणाऱ्याने हस्तांतर केले, घेणाऱ्याला देखभालीचे लेखाशीर्ष मिळाले, रक्कम मिळाली नाही.

पैशाची गोष्ट इथे स्पष्ट बोलावी लागते. नव्या धरणाला निधी मिळतो, भूमिपूजन होते, फलक लागतो. जुन्या धरणावरची झाडे तोडायला, बिळे बुजवायला, पिचिंगचे निसटलेले दगड पुन्हा बसवायला, विमोचकाच्या दरवाजाला ग्रीस लावायला जो खर्च येतो तो दुरुस्तीच्या मानाने नगण्य असतो, पण तो दरवर्षी लागतो आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही. झाडांचे उदाहरण घ्या. भरावावर आपोआप उगवलेली झाडे गावाला हवीशी वाटतात. ती वाळली की मुळे कुजतात आणि मुळांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. पाचव्या वर्षी कोयत्याने निघणारे रोपटे पंधराव्या वर्षी मूळ खणून, खड्डा थराथराने दाबून भरावा लागतो. गाळ काढण्याच्या योजनांतही एक काळजी हवी. तलावातला गाळ शेतात नेणे उत्तमच. पण यंत्र थेट भरावाच्या पाण्याकडच्या पायथ्याशी लावले, तर वर्षानुवर्षे बसलेला, पाझर अडवणारा चिकण थरच निघून जातो. धरणाच्या पायथ्यापासून सुरक्षित अंतर आखून, खुंट्या ठोकून मगच पोकलेन उतरवावा.

यात आता पावसाची भर पडली आहे. भारतीय मानकानुसार छोट्या धरणाचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखतात. हे ऐकायला भरभक्कम वाटते. हिशेब केला तर पन्नास वर्षांच्या आयुष्यात असा किंवा याहून मोठा पूर एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के निघते. तीही पाऊस पूर्वीसारखाच पडेल असे धरून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पडला आणि चिपळूण बुडाले. ज्या धरणांचे सांडवे जुन्या नोंदींवर आखले गेले, त्यांचे गणित पुन्हा मांडल्याशिवाय त्यांना सुरक्षित म्हणता येणार नाही.

गाव वाचवता येते, याचेही दाखले आहेत. तिवरे फुटल्यावर महिन्याच्या आत, १ ऑगस्ट २०१९ ला, इंग्लंडमधल्या व्हेली ब्रिज गावाच्या वर टॉडब्रुक धरणाचा सांडवा उखडला. धरण १८३० च्या दशकातले, मातीचे. सुमारे दीड हजार लोकांना हलवले, हेलिकॉप्टरने खड्ड्यात खडी टाकली, पंप लावून पाणी उतरवले, एकही जीव गेला नाही. तिथे २५,००० घनमीटरहून मोठ्या प्रत्येक साठ्याला कायदा लागू आहे. तिवऱ्याचा साठा त्याच्या ऐंशीपट होता. हा कायदा तिथेही फुकट आलेला नाही, १९२५ मध्ये वेल्समधल्या डॉलगारॉग गावात धरण फुटून माणसे मेली तेव्हा त्याची सुरुवात झाली. आपल्याकडेही, ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातले कारम धरण बांधकाम चालू असतानाच गळू लागले, तेव्हा खालची अठरा गावे रिकामी केली, बाजूने चर खणून पाणी सोडले आणि माणसे वाचली. मंडणगडच्या पणदेरी धरणाला जुलै २०२१ मध्ये गळती लागली, तेव्हा लोकांना वेळेत हलवले गेले. तिवऱ्यानंतर प्रशासन शिकले, ही जमेची बाजू आहे. पण पणदेरीला दिवस होता, गळती दिसली, कोणीतरी पाहिली. रात्री साडेनऊला, मुसळधार पावसात, वीज गेलेली असताना काय, हा प्रश्न आजही उघडा आहे.

म्हणून माझ्या मते पहिली गरज माणसाची आहे. जून ते ऑक्टोबर प्रत्येक अशा धरणावर, ज्याच्या खाली घरे आहेत, गावातलाच एक प्रशिक्षित राखणदार असावा: रोज माथा आणि पायथा चालणारा, पाझराचे पाणी व्ही-नॉचवर मोजून वहीत लिहिणारा, गढूळ पाणी दिसताच कोणाला फोन करायचा आणि फोन लागला नाही तर भोंगा कोणी वाजवायचा हे ठाऊक असलेला. व्ही-नॉच म्हणजे पत्र्यात कापलेली इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच, त्यातून वाहणाऱ्या पाण्याची उंची पट्टीने मोजायची. दहावी झालेला कोणीही ते करू शकतो. दुसरी गरज उंचीची अट बाजूला ठेवून, खालच्या वस्तीवरून धरणांची यादी करण्याची. उपग्रहाच्या चित्रांवरून ती तालुकावार होऊ शकते. तिसरी, दोन्ही तपासण्यांचे अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावण्याची. दोष लपला नाही तर निधीही लवकर येतो. तिवऱ्याच्या कुटुंबांना पुढे अलोऱ्याला घरे मिळाली, सिद्धिविनायक न्यासाने त्यासाठी मदत केली. घरे दिली ते योग्यच झाले, पण त्याच्या अंशाएवढा खर्च आधी झाला असता तर ती बांधायची वेळच आली नसती.

गणपतीला गावी जाणाऱ्या नेरूळकरांना एक विनंती आहे. वाडीच्या वर धरण असेल तर दिवसाउजेडी, सांडव्याच्या वाहत्या पाण्यापासून दूर राहून, पायथ्याच्या बाजूने एकदा चालून या. पाझर नितळ आहे का, भरावावर झाडे किंवा तडे आहेत का, सांडवा मोकळा आहे का, एवढे पाहा, फोटो काढा आणि तारखेसह ग्रामपंचायतीत लेखी द्या, पोच घ्या. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीचा अहवाल मागा. तो मिळाला नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. धरण कोणत्या विभागाचे हेच गावात कोणाला सांगता येत नसेल, तर पहिला अर्ज त्याच प्रश्नाचा करा.